पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे सेप्सिस नव्हे

आमच्या भागात रक्ताच्या तपासणीचा कागद हातात पडला की घरातला शिकलेला मुलगा आधी पांढऱ्या पेशींचा आकडा शोधतो. तो ११,००० च्या वर असला की "इन्फेक्शन वाढलं" असा निकाल दवाखान्याच्या ओसरीतच लागतो, आणि जोडीला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला असेल तर "इन्फेक्शन रक्तात गेलं" ही बातमी रुग्णाच्या आधी गावात पोहोचते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टरकी करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि, खरे सांगायचे तर, स्वतःही उच्चारले आहे. शरीरभर उठलेला दाह ही एक गोष्ट आहे. संसर्गाशी झुंजताना शरीराचा तोल सुटून त्याचेच अवयव निकामी होऊ लागणे, म्हणजे सेप्सिस, ही दुसरी. दोन्हींचे पहिले काही तास पुष्कळदा सारखे दिसतात, म्हणून मी इथे दोन रुग्णांबद्दल लिहितो आहे, त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

पहिला रुग्ण मे महिन्यातला. पारा ४५ अंशांवर होता, लग्नसराई सुरू होती, आणि तिशीतल्या एका ट्रॅक्टरचालकाला त्याचे भाऊ दुपारी दोनच्या सुमारास घेऊन आले. "ऊन लागलं साहेब, दुसरं काई नाही," असे ते ठामपणे सांगत होते. ताप ३८.४ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला १२४, श्वास २८, आणि तासाभराने आलेल्या अहवालात पांढऱ्या पेशी १८,०००. मी 'इन्फेक्शन' असे केसपेपरवर लिहिले आणि अँटिबायोटिक सुरू केले. त्याच्या थोरल्या भावाने मला एकच प्रश्न विचारला: "इन्फेक्शन म्हणता, पण कायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रुग्ण मात्र खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसला होता, आडवा व्हायला तयार नव्हता, आणि कळ पोटातून पाठीत जाते असे हाताने दाखवत होता. ते बसणेच निदान सांगत होते. लाइपेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या पाचक द्रव्याची, तपासणी केली, तेव्हा आकडा कितीतरी पट वाढलेला निघाला. आठवडाभर चाललेल्या मोहाच्या दारूने स्वादुपिंडाला सूज आणली होती. जंतूचा त्यात काहीही संबंध नव्हता.

माझी चूक कुठे झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९९१ साली अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या आणि अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून एक व्याख्या ठरवली, जी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. ताप ३८ अंशांच्या वर किंवा ३६ च्या खाली. नाडी ९० पेक्षा जास्त. श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त. पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. यांपैकी कोणत्याही दोन खुणा असल्या की त्या अवस्थेला 'सिस्टेमिक इन्फ्लेमेटरी रिस्पॉन्स सिंड्रोम', थोडक्यात 'सिर्स', म्हणायचे, आणि त्यामागे संसर्ग असला तर सेप्सिस. माझ्या पिढीचे डॉक्टर हीच चार बोटे मोजत शिकले. मोजणे सोपे होते आणि थर्मामीटर, घड्याळ व साधी रक्ततपासणी एवढ्यावर भागत होते. पण त्याच व्याख्येत हेही स्पष्ट लिहिलेले होते की भाजणे, मोठा अपघात, स्वादुपिंडाचा दाह अशा, जंतू नसलेल्या कारणांनीही सिर्स होतो. ते वाक्य आम्ही परीक्षेत लिहिले आणि वॉर्डात विसरलो.

जंतू नसताना शरीर जंतू असल्यासारखे का वागते, हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो. आपल्या संरक्षक पेशींवर जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारे ग्राहक रेणू असतात आणि ते चेतवले गेले की ताप, धडधड, पेशींची वाढ ही सगळी मालिका सुरू होते. या शोधातल्या कामासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. मात्र हेच ग्राहक आपल्याच फुटलेल्या पेशींमधून बाहेर सांडलेल्या ऐवजानेही चेतवले जातात. त्यात सर्वांत बोलका ऐवज मायटोकॉन्ड्रियाचा आहे, कारण पेशीला ऊर्जा पुरवणारे हे घटक अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होते आणि त्यांच्या अंगावर ती जुनी ओळख अजून शिल्लक आहे. पेशी चिरडली, भाजली किंवा स्वतःच्याच पाचकरसाने विरघळली की हे घटक रक्तात येतात आणि शरीराला वाटते, जिवाणू आले. जागलीला गेलेला माणूस मचाणावरून हाळी देतो तेव्हा वावरात काहीतरी हलले एवढेच कळते. ते रानडुक्कर आहे की शेजाऱ्याची सुटलेली गाय, हे हाळीवरून कळत नाही. सिर्स ही ती हाळी आहे.

याचा अर्थ सिर्स सौम्य आणि सेप्सिस गंभीर, अशी वाटणी करता येत नाही. त्या ट्रॅक्टरचालकाच्या चारही खुणा ४८ तासांनंतरही टिकल्या असत्या तर, संसर्गाशिवायसुद्धा, त्याचे मूत्रपिंड आणि फुप्फुसे धोक्यात आली असती. उष्माघातात तर आमच्याकडे दर उन्हाळ्यात हेच दिसते: जंतू एकही नाही, आणि तरी शुद्ध हरपते, यकृत बिघडते, रक्त गोठण्याची घडी विस्कटते. फरक उपचाराच्या दिशेत आहे. स्वादुपिंडाच्या दाहात सलाइन, वेदनाशामक आणि लवकर सुरू केलेला आहार महत्त्वाचा असतो. संसर्गाचा पुरावा नसताना खबरदारी म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकचा तिथे उपयोग नाही. उष्माघातात अंग थंड करण्यात गेलेली पहिली मिनिटे मोलाची. मी अँटिबायोटिक चढवत होतो तेवढा वेळ माझे लक्ष चुकीच्या जागी होते, एवढाच त्याचा हिशेब.

दुसरी रुग्ण सप्टेंबरमधली, आणि तिने उलट बाजूचा धडा दिला. साठीच्या आसपासची, सोयाबीनच्या निंदणाला जाणारी बाई. सहा दिवसांपासून ताप होता; गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफाइड सांगितला होता आणि इंजेक्शने चालू होती. माझ्याकडे आली तेव्हा ताप ३७.१, कारण दोन तासांपूर्वी पॅरासिटामॉल दिलेले होते. नाडी ८४, कारण रक्तदाबासाठी ती रोज नाडी मंदावणारी गोळी घेत होती. पांढऱ्या पेशी ९,२००. चारांपैकी फक्त श्वासाची खूण होती, मिनिटाला २४. जुन्या मोजणीने ती सिर्समध्येही बसत नव्हती. मुलगा म्हणाला, "माय कालपासून काहीबाही बरळून राहिली साहेब, अन् लघवीले तं गेलीच नाही." रक्तदाब ९४/६० होता. तिच्या बोटाचे नख दाबून सोडले तर रंग परत यायला पाच सेकंद लागले. तीनपेक्षा जास्त सेकंद लागणे चांगले नसते. नर्सने लुगड्याची निरी सैल करून कमरेभोवती पाहिले, तेव्हा बिडीच्या चटक्याएवढी, कडा लाल असलेली काळी खपली सापडली. ती दुखत नव्हती, म्हणून कोणाला माहीतही नव्हती.

ही स्क्रब टायफसची खूण. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून हा जंतू शरीरात येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली, तेव्हापासून आम्ही डॉक्टर धुऱ्यावर वावरणाऱ्या प्रत्येक तापाच्या रुग्णाची काख, जांघ आणि कंबर पाहू लागलो. टायफाइडची नेहमीची इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागते. तिचे प्लेटलेट ६२,००० वर आले होते आणि मूत्रपिंड बिघडले की वाढणारे क्रिएटिनिन २.४ वर गेले होते. म्हणजे मेंदू, मूत्रपिंड आणि रक्त या तिन्ही ठिकाणी बिघाड होता, आणि त्यामागे संसर्ग होता. आज सेप्सिस म्हणतात ते यालाच.

२०१६ साली जी नवी व्याख्या आली तिने चार बोटांची मोजणी व्याख्येतून काढून टाकली. संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांत जिवावर बेतणारा बिघाड होणे, असा तिचा आशय आहे, आणि तो बिघाड सहा अवयवसंस्थांना गुण देऊन मोजायचा. याला जमीन आधीच्या वर्षी तयार झाली होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एक लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की संसर्ग आणि अवयवांचा बिघाड दोन्ही असलेल्या दर आठ रुग्णांपैकी एकात सिर्सच्या दोन खुणासुद्धा नव्हत्या. माझी निंदणवाली बाई त्या आठांतल्या एकांपैकी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात रुग्णालयातल्या साध्या वॉर्डांमधल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत कधी ना कधी सिर्सच्या दोन खुणा आढळल्या. एकीकडे निम्मा वॉर्ड अडकणारी आणि दुसरीकडे खरा रुग्ण निसटू देणारी चाळणी ती हीच.

सेप्सिस म्हणजे केवळ जास्त झालेला दाह, असेही समजू नये. तसे असते तर दाह दाबणारी औषधे देऊन तो बरा झाला असता. ती अनेक वर्षे तपासली गेली आणि बहुतेक अपयशी ठरली. २००१ मध्ये मान्यता मिळालेले एक महागडे औषध २०११ मध्ये बाजारातून परत घ्यावे लागले. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांचे अस्तर गळू लागते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, पेशींना मिळालेला ऑक्सिजन नीट वापरता येत नाही, आणि त्याच वेळी प्रतिकारशक्तीचा काही भाग उलट मंदावतो. डुक्कर हाकलायला अंधारात धावलेल्या माणसांनीच तूर तुडवावी, आणि मग दुसऱ्या धुऱ्यावर राखण करायला कोणी उरू नये, असा तो प्रकार आहे. (व्हॉट्सअॅपवर 'शरीरातली सूज कमी करणारा आहार' म्हणून जे फिरते ते मधुमेह-लठ्ठपणातल्या मंद, वर्षानुवर्षांच्या दाहाबद्दल असते, त्याची इथे सरमिसळ करू नये.) जगात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४.८९ कोटी रुग्ण आणि १.१० कोटी मृत्यू झाले असा अंदाज आहे. म्हणजे साधारण दर पाच मृत्यूंमागे एक.

तरीही जुनी चार बोटे मी टाकून दिलेली नाहीत. नवी व्याख्या अवयव बिघडेपर्यंत थांबते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला दीड-दोन तास लागणाऱ्या गावात तेवढे थांबणे परवडत नाही. नव्या व्याख्येबरोबर एक झटपट मोजणीही आली: श्वास २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि बदललेली शुद्ध. माझ्या बाईत तिन्ही होत्या. पण २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या या मोजणीवर विसंबून चाळणी लावू नये असेच सांगितले, आणि मला ते पटते. त्याच सूचनांनुसार शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडणे, असेल तर अँटिबायोटिक तासाभरात द्यायचे. शॉक नसेल आणि शंकाच असेल तर तीन तासांपर्यंत कारण शोधायला वाव आहे. मे महिन्यात मला हा वाव होता आणि मी तो घेतला नाही.

त्या बाईला आम्ही डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस आणि सलाइन सुरू करूनच १०८ मध्ये बसवले. दिवाळीनंतर ती घरच्या तुरीच्या शेंगा घेऊन दाखवायला आली, तेव्हा क्रिएटिनिन १.० वर होते. त्यानंतर आमच्या केसपेपरवर ताप-नाडीच्या खाली दोन ओळी छापून घेतल्या: 'शेवटची लघवी केव्हा' आणि 'बोलणे नेहमीसारखे आहे का'. दुसरी ओळ सोबत आलेल्या माणसाला विचारून भरायची असते. परवा एका म्हाताऱ्याच्या कागदावर तिथे नर्सने लिहिले होते: "नाही. नातीला बहिणीच्या नावाने हाक मारतात." ताप ३६.८ होता, आणि आम्ही त्याला रांगेतून आधी आत घेतले.