दोन शून्यांमधला फरक

नाल्याच्या मुखाशी भरतीचं पाणी अडवणारं दार बसवायचं होतं. त्याचा प्रस्ताव तपासायला माझ्याकडे आला. भरती काठाच्या 1.7 मीटर वर चढते, म्हणून उंच भिंती आणि कायमचे पंप, असा त्यात निष्कर्ष होता. दर उधाणाला एवढं पाणी चढत असतं तर तिथली वस्ती टिकलीच नसती.

काठाची पातळी 2.8 मीटर, ती सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली. भरतीचे 4.5 मीटर मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातून उचललेले. तक्त्याचं शून्य म्हणजे चार्ट डेटम, आणि मुंबईत ते सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे 2.5 मीटर खाली आहे. म्हणजे भरतीचं पाणी 2 मीटरवर, काठाच्या 0.8 मीटर खालीच! शिवाय महापालिकेच्या नकाशांवर टाउन हॉल डेटम, म्हणजे तिसरंच शून्य. ज्या पातळीपुढे डेटम लिहिलेला नाही, ती हिशेबात घेऊच नये.

अशाच खोट्या फरकाने सुएझचं काम अर्धं शतक अडवलं होतं. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतला इंजिनिअर ल पेर याने 1799 मध्ये लेव्हलिंग, म्हणजे उंचीतल्या फरकाची मोजणी केली आणि लाल समुद्र भूमध्य समुद्राहून जवळपास 10 मीटर उंच ठरवला. म्हणून त्याने सुचवला तो सुएझहून नाईलला मिळणारा, लॉकगेटांचा, म्हणजे बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांचा कालवा. युद्धात काम वारंवार तुटलं, घाई झाली, फेरतपासणी राहिली. लाप्लाससारख्या गणितज्ञाला तो फरक पटला नव्हता. 1847 मध्ये फ्रेंच इंजिनिअर बुर्दालूने पुन्हा पातळ्या घेतल्या तेव्हा दोन्ही समुद्र जवळपास सारखेच निघाले. 1869 मध्ये सुरू झालेल्या कालव्यात एकही लॉक नाही. ल पेरला मी दोष देत नाही. त्या धामधुमीत वाळवंटात लेव्हल चालवणं सोपं नव्हतं.

आम्ही बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून, नाल्याच्या मुखापर्यंत जाऊन परत त्याच बेंचमार्कवर लेव्हल बंद केली. बॅकसाईट आणि फोरसाईटचं, म्हणजे यंत्रापासून मागच्या आणि पुढच्या पट्टीचं, अंतर सारखं ठेवलं, की यंत्राची दृष्टिरेषा तिरपी असली तरी चूक आपोआप कटते. 4 किलोमीटरच्या फेरीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या पातळीत 24 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त आला तर फेरी पुन्हा. मुखाशी पाण्याची उंची वाचायची भरतीपट्टीही रोवली, कारण तक्ता अपोलो बंदराचा आणि खाडीत आत पाणी उशिरा चढतं.

दार ठेवावंच लागलं, कारण भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर नाला तुंबतो. पंप मात्र दार बंद असतानाच्या तासांत पडणाऱ्या पावसापुरतेच धरले.