जूनमधली एका गाण्याची बैठक

बर्लिनमधल्या मराठी मित्रमंडळींची ही बैठक दरवर्षी १८ जूनच्या जवळच्या शनिवारी भरते. १८ जून १९८८ला कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये, डिपेश मोड या इंग्लिश सिंथ-पॉप गटाने दौऱ्यातला एकशे एकावा कार्यक्रम केला. समोर साठ हजारांच्या आसपास माणसं होती. त्यातलं शेवटचं गाणं, ‘एव्हरीथिंग काउंट्स’, फेब्रुवारी १९८९मध्ये सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड, म्हणून बाहेर आलं. मूळ गाणं जुलै १९८३चं. मधल्या सहा वर्षांत त्याची जी रूपं निघाली ती एका संध्याकाळी, एकाच रेकॉर्ड प्लेयरवर ऐकायची, एवढाच कार्यक्रम. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत.

दुपारी सगळे आधी क्योटेनर श्ट्रासेवर जातात. हान्झा स्टुडिओ तिथे आहे. १९८३मध्ये समोरच बर्लिनची भिंत होती. लंडनमध्ये, द गार्डन स्टुडिओत मुद्रित झालेलं काम मिक्सिंगसाठी इथे आलं. डॅनियल मिलर निर्माता, गॅरेथ जोन्स ध्वनिमुद्रक. गाण्याची चित्रफीतही याच शहरात झाली. शेजारचे जुने जर्मन चाहते कधी सोबत येतात, आणि मग ७ मार्च १९८८चा विषय निघतोच. त्या दिवशी रोझ बोलच्याच दौऱ्यातला एक कार्यक्रम पूर्व बर्लिनच्या वेर्नर झेलनबिंडर हॉलमध्ये झाला होता.

संध्याकाळचं खरं काम म्हणजे मांडामांड, आणि त्याला दीड तास लागतोच. प्लेयर कायम एकाच काकांच्या हाती. तो स्पीकरच्या टेबलावर कधीच ठेवायचा नाही. स्पीकरचा हादरा टेबलातून सुईपर्यंत जातो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि खोलीभर घुमारा उठतो. म्हणून वेगळं स्टूल, त्यावर जाड फरशी, फरशीखाली रबराचे तुकडे. सुई ऑर्टोफॉन टू-एम रेड असेल तर दाब १.८ ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल असं नव्याने येणाऱ्यांना वाटतं. होतं उलटंच: हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडते आणि खाचेच्या भिंती खरवडते. प्लेयरची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ खोबणीतच जायला हवी. ‘लाइन’मध्ये लावली की आवाज बारीक आणि बेस गायब. गुणगुण ऐकू आली तर पहिला संशय अर्थिंगच्या बारीक तारेवर, नव्वद टक्के वेळा तीच सैल असते.

रेकॉर्ड फिरण्याचा वेग लेबल वाचूनच ठरवायचा, आकारावरून नाही. दहा इंची रेकॉर्डला आपोआप उतरणारी सुई चालवायची नाही, बारा इंचांवर लावलेली असेल तर ती रेकॉर्डबाहेर रबरावर पडते. सुईची दांडी हाताने सोडायची.

क्रमावरून पूर्वी वाद व्हायचे, आता तो ठरून गेला आहे. आधी १९८३ची सात इंची रेकॉर्ड. कडव्यात मुख्य गायक डेव्ह गाहनचा खालचा, कोरडा आवाज, सौदेबाजीचं बोलणारा. ध्रुवपदात गीतकार मार्टिन गोरचा हळवा आवाज, आणि नेमका तोच हावेबद्दल गातो. ही अदलाबदल म्हणजे गाण्याचा कणा. नव्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण दोघं वेगळे आहेत हेच बऱ्याचदा लक्षात येत नाही. मेलोडिकाची, म्हणजे फुंकून वाजवायच्या छोट्या कीबोर्डची, सुरावट आली की खोलीतले निम्मे लोक बोटांनी हवेत ती वाजवतात. त्यानंतर त्याच गाण्याची लांबवलेली बारा इंची आवृत्ती, ‘इन लार्जर अमाउंट्स’, सात मिनिटांहून थोडी मोठी. इथे तालाचे तुकडे सुटे-सुटे उघडे पडतात, म्हणून हिला आवाज किंचित वर.

मग त्याच वर्षीची मर्यादित प्रतींची बारा इंची. तिच्यावर २५ ऑक्टोबर १९८२च्या, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधल्या कार्यक्रमाचे चार तुकडे आहेत. ‘न्यू लाइफ’ आणि ‘बॉइज से गो!’ ही दोन्ही विन्स क्लार्कची गाणी, आणि तो तर १९८१मध्येच गट सोडून गेलेला. त्याच्या जागी ॲलन वाइल्डर आधी मंचावरचा साथीदार म्हणून आला होता. ‘नथिंग टू फिअर’मध्ये गोरची पुढची वाट स्पष्ट दिसते. जास्त मिनिटं एका बाजूवर बसवली की खाच उथळ कापावी लागते, आवाज लहान येतो. आतल्या वळणांवर तर तीक्ष्ण अक्षरं फाटतात, कारण तिथे सुईखालून खाच सावकाश सरकते. हा दोष सुईच्या दाबाचा नाही, रेकॉर्डच्या घडणीचाच आहे.

मध्ये साबुदाणा वडे. तेलकट हात धुतल्याशिवाय रेकॉर्डजवळ यायचं नाही, हा नियम लहानथोर सगळ्यांना.

दुसऱ्या सत्रात १९८९. टिम सिमेनन आणि मार्क सॉन्डर्स यांचं रीमिक्स, म्हणजे नव्याने घडवलेलं रूप, त्यांनीच केलेलं गटाच्या ‘स्ट्रेंजलव्ह’ या दुसऱ्या गाण्याचं रीमिक्स, मग दहा इंचीवरचं ॲलन मोल्डरचं ‘ॲबसोल्यूट मिक्स’. सिमेननच्या कामावर आमचं प्रेम जास्त. तो ताल बदलतो पण मेलोडिकाची सुरावट मोडत नाही, आणि याच सिमेननने पुढे गटाचा १९९७चा ‘अल्ट्रा’ हा अल्बम घडवला. प्रत्येक रेकॉर्डचा आवाज श्रोत्यांच्या खुर्चीवर आवाज मोजायचं मीटर ठेवून सारखा करायचा. एका डेसिबलचा फरक असला तरी मोठी वाजणारी आवृत्ती उगाच चांगली वाटते आणि चर्चा भलतीकडे जाते.

रोझ बोलची आवृत्ती सर्वांत शेवटी. एका वर्षी कालक्रम पाळायचा म्हणून तिच्यानंतर रीमिक्स लावली होती. ती कुणी धड ऐकलीच नाहीत, लोक अजून स्टेडियममध्येच होते. संगीत थांबल्यावरही गर्दी ध्रुवपद गातच राहते. हे चित्र डी. ए. पेनबेकर, ख्रिस हेगेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांच्या ‘१०१’ चित्रपटातही आहे. २६ मे २०२२ला गटातला अँडी फ्लेचर गेला. त्या जूनमध्ये ही बाजू लागोपाठ दोनदा लागली. दुसऱ्यांदा सगळे उभे होते आणि ध्रुवपद खोलीतल्या प्रत्येकाने म्हटलं, एरवी फक्त ऐकायला येणाऱ्या आजींनीसुद्धा.

त्यानंतर आवराआवर. रेकॉर्डवर कार्बनचा ब्रश दोन फेरे, मग आतलं कागदी पाकीट, तोंड वर करून. बाहेरच्या पाकिटाच्या उघड्या बाजूला ते तोंड आलं तर धूळ सरळ आत जाते. पुढच्या जूनला ‘स्ट्रेंजलव्ह’ची सगळी रूपं लावावीत असा आग्रह दरवर्षी होतो. रेकॉर्ड जमल्याही आहेत, फक्त त्यांचा क्रम अजून जमलेला नाही.