न खणलेला पाया: मेलबर्नमधल्या घराखालचा स्लॅब

मेलबर्नच्या नव्या वसाहतींत घरांची कामं शेकड्यानं चालू असतात, पण पाया खणताना कोणी दिसत नाही. कॉलमचे खड्डे नाहीत, प्लिंथ बीम नाही, मुरूम भरून जोतं वर आणणं नाही. जमीन सपाट करतात, तिच्यावर थर्माकोलचे मोठे ठोकळे ओळीनं मांडतात, वर जाळी अंथरतात आणि एका सकाळीत काँक्रीट ओतून मोकळे होतात. आपल्याकडच्या गवंड्याला याचा फोटो दाखवला तर तो पहिलं विचारेल, "पाया कुठंय?" पाया हाच. त्याला वॉफल स्लॅब म्हणतात.

हे असं का, याचं उत्तर मातीत आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडची उपनगरं जुन्या लाव्हाच्या सपाट पठारावर वसली आहेत. खाली बेसॉल्ट, वर त्याच बेसॉल्टची झीज होऊन झालेली चिकणमाती. दख्खनच्या पठारावरची काळी माती याच कुळातली. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पाणी मिळालं की फुगणारी जमीन विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मेलबर्नमधलं साधं घर लाकडी सांगाड्याचं आणि बाहेरून विटेचा एक थर लावलेलं, म्हणजे वजनानं हलकं. त्याच्या भारानं जमीन खचण्यापेक्षा जमिनीच्या फुगण्या-आकसण्यानं घर हलण्याची भीती जास्त.

म्हणून काम सुरू होतं माती तपासणीपासून. प्लॉटवर बोअर घेऊन माती किती हलेल याचा अंदाज काढतात आणि एएस २८७० या ऑस्ट्रेलियन मानकाप्रमाणे प्लॉटला वर्ग देतात. ए म्हणजे वाळू किंवा खडक, जवळजवळ न हलणारा. एस म्हणजे २० मिलीमीटरपर्यंत हालचाल, एम ४० पर्यंत, एच१ ६० पर्यंत, एच२ ७५ पर्यंत आणि त्यापुढे ई. भराव, गाळ किंवा आणखी काही भानगड असली की पी, म्हणजे इंजिनिअरनं स्वतंत्र डिझाइन करायचं. पश्चिमेकडे एच१ आणि एच२ सर्रास आढळतात. घर घेणाऱ्यांनी करारावर सही करण्याआधी हा वर्ग बघावा, कारण स्लॅबची खोली, सळई आणि पर्यायानं खर्च यावरच ठरतो. 'साइट कॉस्ट' नावाखाली नंतर वाढणारी रक्कम बहुतेक वेळा इथूनच आलेली असते.

घराखालची माती सगळीकडे सारखी हलली तर बिघडत नाही. बिघडतं ते एका बाजूला ओल आणि दुसरीकडे कोरडं झाल्यावर. कोरड्या उन्हाळ्यात कडेची माती वाळून आकसते, मधली स्लॅबखाली ओलसर राहते आणि स्लॅब उपड्या ताटासारखा मध्ये उचलला जातो. ओल्या हिवाळ्यात कडा फुगतात, मग ताट सुलटं होतं. स्लॅबचं काम हा वाक आपल्या अंगात जिरवून वरच्या भिंती सरळ ठेवायचं आहे. त्यासाठी ताकदीपेक्षा ताठपणा लागतो आणि ताठपणा खोलीतून येतो. नुसती खोली वाढवली तर काँक्रीट वारेमाप लागेल, म्हणून मधे थर्माकोल.

ठोकळे म्हणजे पॉड. १०९० मिलीमीटर चौरस, उंची साधारण २२५, ३०० किंवा ३७५. दोन पॉडमध्ये ११० मिलीमीटरची फट ठेवतात, तिथे काँक्रीट उतरून आडव्या-उभ्या बरगड्या तयार होतात. पॉडच्या वर ८५ मिलीमीटरचा सलग स्लॅब, भोवती ३०० रुंदीचा कडेचा बीम. १५ बाय १२ मीटरचं घर आणि २२५ चे पॉड धरून हिशोब करू. वरचा स्लॅब १५.३ घनमीटर, कडेचा बीम साडेतीन, मधल्या बरगड्या सहा; एकूण २५ घनमीटर. तेवढ्याच ३१० मिलीमीटर खोलीचा भरीव स्लॅब केला असता तर जवळजवळ ५६ घनमीटर लागले असते. ऑर्डर देताना ५ ते १० टक्के जास्त धरतात, कारण पॅड, म्हणजे स्लॅबखालची सपाट केलेली जमीन, कुठे १० मिलीमीटर खाली असलं की तेवढं काँक्रीट तिथे गडप होतं. शेवटच्या ट्रकमध्ये अर्धा घनमीटर कमी पडला तर पुढचा ट्रक येईपर्यंत आधीचं घट्ट होतं आणि कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पडतो. उरलेलं परवडतं, कमी पडलेलं नाही.

आता पॅड. वरचा गवताचा, मुळांचा थर पूर्ण काढतात. तो राहिला तर कुजून खाली पोकळी होते. उतार असेल तर एका बाजूनं कापून दुसरीकडे भरतात आणि कापलेल्या-भरलेल्या जमिनीचा हा सांधा सगळ्यात दगाबाज. चिकणमातीचा भराव १५० मिलीमीटरच्या थरांत दाबायचा आणि एकूण ३०० च्या आत ठेवायचा. वाळूला ६०० पर्यंत सवलत आहे. ही मर्यादा एक्स्कॅव्हेटरनं फिरून-फिरून दाबलेल्या भरावाची. त्याहून जास्त भराव असला तर तो नियंत्रित पद्धतीनं दाबून चाचण्या घ्याव्या लागतात, नाहीतर मूळ जमिनीपर्यंत पिअर, म्हणजे काँक्रीटचे खांब, उतरवावे लागतात. मशीनवाला "घट्ट झालंय" म्हणाला तर ते प्रमाणपत्र नव्हे.

मग प्लंबर. सांडपाण्याचे पाइप स्लॅबच्या खालून जातात, म्हणून त्यांचे चर आधी खणून बुजवतात. घराच्या कडेखालून आत शिरणारा चर खडीनं भरला तर तो पाण्याचा पाटच होतो: बागेतलं पाणी सरळ घराखाली. त्या ठिकाणी चिकणमातीची डाट घालावी लागते. घराजवळच्या चराच्या वरच्या ३०० मिलीमीटरमध्येही चिकणमातीच हवी. एच आणि ई वर्गात पाइपांना लवचिक सांधे लागतात, नाहीतर जमीन हलली की पाइप तुटतो, गळतो आणि गळतीनं जमीन आणखी फुगते. पाइप वर येतात त्या जागा ओततानाच पक्क्या होतात. संडासाचा पाइप १०० मिलीमीटर चुकला तर नंतर काँक्रीट फोडण्याशिवाय इलाज नाही. नकाशावरची मापं शटरिंगपासून पुन्हा घेणं दहा मिनिटांचं काम आहे.

वाळवी इथेही आहे आणि सांगाडा लाकडी, त्यामुळे ती फार मनावर घेतात. मानकाप्रमाणे केलेल्या स्लॅबमधून वाळवी येत नाही असं धरतात, पण पाइपभोवतीच्या बारीक फटीतून येते. म्हणून प्रत्येक पाइपला ओतण्याआधी वाळवी अडवणारी कॉलर बसवतात. स्लॅबची कड बाहेरून ७५ मिलीमीटर उघडी ठेवतात, म्हणजे वाळवीनं मातीची नळी बांधली तर डोळ्यांना दिसते. घरात राहायला आल्यावर पुष्कळ लोक हौसेनं फरशी आणि कुंड्या लावून हीच कड झाकून टाकतात.

शटरिंग लावल्यावर ते काटकोनात आहे का हे कर्ण मोजून बघायचं, दोन्ही सारखे हवेत. बाहेरच्या विटेसाठी कडेला खाच सोडलेली असते, ती शटरिंगमध्येच येते. मग ०.२ मिलीमीटरचं प्लॅस्टिक, २०० मिलीमीटरचे जोड, प्रत्येक जोडाला आणि पाइपाला टेप. सळईवाल्यांच्या बुटांनी ते फाटतंच, म्हणून ओतण्याच्या सकाळी पुन्हा एक फेरी मारून भोकं बुजवावीत. पॉड मांडल्यावर वारा आला तर ते शेजाऱ्याच्या प्लॉटवर जातात. मांडले की लगेच जाळी टाकून अडकवलेले बरे.

जाळी तयार वेल्ड केलेली येते. एसएल ८२ म्हणजे साडेसात मिलीमीटरच्या आसपासची तार, २०० मिलीमीटरवर. शीट ६ बाय २.४ मीटर. हिशोबातल्या १५ बाय १२ च्या घरासाठी जोड आणि तुकडे धरून १५-१६ शीट लागतील. जोडताना दोन्ही शीटच्या कडेच्या दोन-दोन आडव्या तारा एकमेकींवर आल्या पाहिजेत. बरगडीत तळाला एक १२ मिलीमीटरची सळई, कडेच्या बीममध्ये तीन. इंजिनिअरच्या नकाशात जास्त असेल तर जास्त. जाळी प्लॅस्टिकच्या चेअरवर, म्हणजे छोट्या टेकूंवर, उभी राहते. इथे दिसणारी सगळ्यात सामान्य खोट अशी की चेअर विरळ ठेवतात, जाळी माणसांच्या पायाखाली पॉडवर टेकते आणि ओतताना "हुकनं वर ओढू" म्हणतात. ओढलेली जाळी दुसऱ्या पावलाला पुन्हा खाली. ८५ मिलीमीटरच्या स्लॅबमध्ये तळाला गेलेली जाळी वरची भेग रोखत नाही. आतल्या पृष्ठभागापासून २० मिलीमीटर, प्लॅस्टिकपासून ३० आणि उघड्या बाहेरच्या बाजूला ४० एवढं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हवं.

एल आकाराच्या घरात आत वळणारा कोपरा असतो. काँक्रीट आकसतं तेव्हा भेग हमखास त्या कोपऱ्यातून तिरकी सुटते. तिथे जाळीवर तिरक्या, दोन मीटर लांबीच्या तीन १२ च्या सळया बांधायच्या. हे विसरलं गेलं का, ते ओतण्याआधीच दिसतं. व्हिक्टोरिया राज्यात स्टील बांधून झालं की बिल्डिंग सर्व्हेयरच्या तपासणीशिवाय काँक्रीट ओतता येत नाही. मालकानं त्या दिवशी जाऊन स्वतः फोटो काढून ठेवावेत; काँक्रीटखाली गेलेली सळई नंतर कोणी दाखवू शकत नाही.

काँक्रीटची ग्रेड बहुधा एन २५ असते. आपल्याकडच्या एम २५ शी याची थेट तुलना करू नका. इथे सिलिंडर फोडून ताकद मोजतात, आपल्याकडे क्यूब. सिलिंडरचा आकडा क्यूबच्या साधारण ८० टक्के येतो, म्हणजे एन २५ हे आपल्या एम ३० च्या जवळचं. स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती ढिलं आहे याचं माप, १०० मिलीमीटरच्या आसपास. ट्रकमध्ये पाणी घातल्यापासून ९० मिनिटांत माल उतरला पाहिजे. पाणी वाढवण्याचा मोह जगभर सारखाच: घनमीटरला ५ लिटर जास्त घातलं की स्लंप साधारण २५ मिलीमीटरनं वाढतो, पसरवणं सोपं होतं, बदल्यात ताकद घटते आणि आकसणं वाढतं. बरगडीच्या चिंचोळ्या जागेसाठी जास्त प्रवाही माल हवाच असेल तर तो प्लांटवरूनच तसा मागवावा.

ओतताना पंपाचा पाइप आधी पॉडच्या माथ्यावर न्यायचा. तिथे थोडं वजन पडलं की पॉड बसून राहतात, मग बरगड्या भरायच्या. उलट केलं तर काँक्रीट खालून शिरून थर्माकोल उचलतं आणि ८५ चा स्लॅब कुठेतरी ५० चा होतो, वरून कळतही नाही. कडेच्या बीममध्ये आणि बरगड्यांमध्ये व्हायब्रेटर फिरलाच पाहिजे. शटरिंग काढल्यावर कडेला खडीचं मोहोळ दिसलं तर व्हायब्रेटर तिथे पोचला नव्हता.

पट्टीनं ओढून, लेझरनं लेव्हल बघून, फ्लोट मारून झालं की थांबायचं. पाणी वर येतं आणि उडून जातं. ते वर असताना रंधा मारला तर पृष्ठभागावर पातळ सिमेंटचा थर बसतो, पुढे तो भुकटी होऊन सुटतो. पाऊल ठेवून पाच मिलीमीटरच्या आसपास ठसा उमटू लागला की मशीनचा रंधा चालवतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाळवंटाचा गरम, कोरडा वारा सुटतो, तेव्हा उलटंच घडतं: पाणी वर येण्याआधीच उडतं आणि तासाभरात स्लॅबवर वाकड्यातिकड्या भेगा दिसू लागतात. त्या दिवशी पहाटे ओतावं, बाष्पीभवन रोखणारा फवारा मारावा. नाहीतर सरळ पुढे ढकलावं. ३५ अंशांच्या वर गेलेलं काँक्रीट मानकाप्रमाणे घ्यायचंच नसतं.

क्युरिंगच्या बाबतीत आपल्याकडचा साधा मिस्त्री इथल्या पुष्कळ ठेकेदारांपेक्षा शहाणा. स्लॅबवर आळी करून सात दिवस पाणी भरून ठेवण्याची पद्धत इथे घरांच्या कामात क्वचितच दिसते. फार तर क्युरिंग कंपाउंड फवारतात, तोही टाइल चिकटवायच्या खोल्यांत नंतर आड येऊ शकतो. प्लॅस्टिक अंथरून सात दिवस ठेवलं तरी पुरतं. पण दोन-तीन दिवसांत सुतार सांगाड्याचं लाकूड घेऊन हजर असतो.

०.३ मिलीमीटरच्या आतल्या केसासारख्या भेगा मानकात नगण्यच धरल्या जातात. दोन मिलीमीटरच्या पुढे गेलेली किंवा दोन्ही काठांची पातळी वेगळी झालेली भेग दिसली तर इंजिनिअरला बोलवायचं.

स्लॅब झाल्यावरही माती हलायची थांबत नाही. छत चढतं पण पावसाच्या पाण्याचे पाइप गटाराला जोडायला महिने लागतात, तोवर सगळ्या छताचं पाणी चार कोपऱ्यांत मुरतं. तात्पुरते पाइप लावून ते लांब नेलंच पाहिजे. कडेची जमीन पहिल्या मीटरला ५० मिलीमीटर बाहेरच्या दिशेनं उतरती हवी. भिंतीलगत रोज पाणी लागणारे वाफे नकोत. झाडाचं अंतर एम वर्गात त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीच्या पाऊणपट, एच मध्ये उंचीइतकं, ई मध्ये दीडपट. ३०० ते ४०० चौरस मीटरच्या प्लॉटवर १५ मीटर वाढणारा निलगिरी या हिशोबात कुठेच बसत नाही, शेजाऱ्याच्या अंगणातला तर मोजणीत धरायलाही लोक विसरतात.