मसाला मांसाला धरेना तेव्हा

पहिल्यांदा पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, स्मोक केल्या, म्हणजे लाकडाच्या धुरात मंद आचेवर शिजवल्या, तेव्हा मांस मऊसूत झालं, पण मसाला खाली गेला. ठिबकणारी चरबी धरायला ठेवलेल्या ट्रेमध्ये मिरी आणि पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) तरंगत होती आणि बरगड्यांवर फिकट पट्टे उमटले होते. सहा तास विस्तवाजवळ बसून हे बघायला लागलं, ते मनाला फार लागलं.

आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राउंड रॉकला राहतो. तासाभराच्या अंतरावर लॉकहार्ट हे बार्बेक्यूसाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या १९०० साली सुरू झालेल्या क्रॉइट्झ मार्केटमध्ये मांस कागदावर वाढतात आणि वर्षानुवर्षं त्यांनी सोबत सॉस दिला नाही. आमच्या घरी बीफ येत नाही, म्हणून तिथे आम्ही पोर्क रिब्ज घेतो. त्यांची सगळी चव मीठ, मिरी, ओकचा धूर आणि वरच्या काळपट खरपूस थराची. या थराला इथे बार्क म्हणतात, म्हणजे झाडाची साल. मला घरी तीच साल हवी होती.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्या अंगणात दर शनिवारी धूर असतो. त्यांनी विचारलं, ‘बाइंडर काय लावलास?’ कोरडा मसाला टिकावा म्हणून मांसाला आधी जो ओला हात द्यायचा, तो बाइंडर. मी काहीच लावलं नव्हतं. ते मोहरीचा पिवळा सॉस लावतात. पण ओळखीतलं कुणी तेल सांगत होतं, कुणी मेयोनेझ. मी आधी आपल्या सवयीनं दही लावलं. आपल्याकडे दही, आलं-लसूण, हळद हीच चव आणि तोच चिकटपणा असतो, आणि तव्यावर किंवा तंदूरमध्ये ते काम चोख होतं. पण २५० अंश फॅरनहाइटच्या मंद उष्णतेत दही फार वेळ ओलं राहिलं आणि मग त्याच्या खपल्या सुटल्या, मसाल्यासकट.

मग ठरवलं की अंदाज पुरे, शेजारी शेजारी ठेवून बघू. रिब्जचे दोन रॅक, म्हणजे बरगड्यांचे अखंड पट्टे, आणले, हाडांकडचा पातळ पापुद्रा ओढून काढला आणि प्रत्येकाचे दोन भाग केले. एकाला मोहरीचा सॉस, दुसऱ्याला तेल, तिसऱ्याला मेयोनेझ, सगळं अगदी पुसटसं. चौथ्याला काहीच नाही. फक्त आदल्या रात्री जाड मीठ लावून तो जाळीवर, उघडाच, फ्रिजमध्ये ठेवला. मीठ दोनदा पडू नये म्हणून त्याचा मसाला बिनमिठाचा केला. ओळखायला टूथपिक टोचल्या.

मोहरीच्या तुकड्याची साल एकसारखी आणि काळी झाली, आणि मोहरीची चव शोधूनही सापडली नाही. ते पटण्यासारखं आहे. त्या सॉसमध्ये मुख्यतः पाणी, व्हिनेगर आणि पांढरी मोहरी असते, पिवळा रंग बराचसा हळदीचा. पातळ थरातलं पाणी आणि व्हिनेगर उडून जातं, उरलेलं मिरीपुढे टिकत नाही. तेलाच्या तुकड्याचा रंग सगळ्यांत सुंदर, कारण पॅप्रिकाचा लाल रंग तेलात उतरतो. पण मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे खडे तसेच वर राहिले, एक घास खारट आणि एक अळणी. मेयोनेझमध्येही तेलच जास्त असतं. मसाला त्याला घट्ट धरला, पण साल मऊ राहिली. मला ती आवडली नाही.

आणि सगळ्यांत चांगला लागला तो चौथा, काही न लावलेला.

हे मी फोनवर आईला सांगितलं. ती रत्नागिरीची, मासे तिच्या हातचे. म्हणाली, ‘अगं, सुरमईला रवा कशानं धरतो? मीठ लावून ठेवलं की अंगाला ओल येते, त्यावरच धरतो. आणि बोंबील आधी दाबून ठेवतेस ना? फार पाणी असलं तर रवा सुटून येतो.’ मी लहानपणापासून हे बघत आले होते, तरी मांसाच्या बाबतीत डोक्यात आलं नव्हतं. मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्यातच विरघळतं, आणि बरंचसं पाणी हळूहळू परत आत जातं. रात्रभरात वरचा भाग कोरडा न होता बोटाला किंचित चिकटतो. उलट पहिल्या वेळी मी मांस पाकिटातून काढून निथळत्या अंगानेच मसाल्यात घोळवलं होतं, म्हणजे न दाबलेला बोंबीलच.

पण माझी परीक्षा बरोबर नव्हती. चौथा तुकडा बाइंडर नव्हता म्हणून चांगला झाला, की आदल्या रात्रीच्या मिठामुळे? म्हणून पुढच्या शनिवारी सगळ्याच तुकड्यांना रात्री मीठ लावलं (साधारण पौंडाला अर्धा छोटा चमचा जाड मीठ, हाडांचं वजन वगळून), सकाळी निम्म्यांना मोहरी लावली, निम्मे तसेच ठेवले. नवऱ्याला आणि मुलाला न सांगता खायला दिले. दोघांनाही फरक ओळखता आला नाही. मलाही नाही.

फरक दिसला तो फक्त लावताना. भरडलेली मिरी मोहरीवर जाड बसते, विशेषतः शोल्डरसारख्या (डुकराच्या खांद्याच्या) मोठ्या तुकड्याच्या उभ्या कडांवर. वेळ नसेल, मीठ तासाभरापूर्वीच लावलं असेल, तर मोहरी खरोखर उपयोगी पडते. रात्र हाताशी असेल तर मी बाटली उघडत नाही.

माझी दुसरी चूक बाइंडरशी संबंधितच नव्हती. पहिल्या वेळी मी अर्ध्या तासातच सफरचंदाचं व्हिनेगर फवारलं होतं. ओल्या पृष्ठभागावर धूर चांगला बसतो असं ऐकलं होतं आणि ते खरंही आहे, पण तोवर मसाला मांसाला लागलेलाच नव्हता, सरळ धुऊन गेला. आता पहिले दोन तास मी झाकण उघडत नाही. मग बोटानं हलकेच चोळून बघते. रंग बोटाला लागला नाही तरच फवारा.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला शोल्डर दाखवला. धुराचा काळा रंग बघून ती आधी दचकली. मग म्हणाली, ‘नखानं खरवडून बघ गं, सुटतोय का?’

खरवडलं. नाही सुटला.