तुम्ही विचारलंत म्हणून : धरण शिकवताना नीतीचा तास कशाला?

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि पालकसभेत एक प्रश्न हटकून येतो : ‘सर, नोकरीला उपयोगी पडेल ते शिकवा, हे नीतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि पर्यावरण कशाला?’ प्रश्न रास्त आहे, कारण या विषयांचे हसे आम्हीच करून घेतले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, विषय यथावकाश अभ्यासक्रमात आला, आणि आमची बरीचशी मुले तो परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्यांपुरता वाचतात.

म्हणून मी व्याख्या बाजूला ठेवून पानशेतपासून सुरुवात करतो. १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पाणी सोडण्याच्या भुयारी मार्गाच्या कमानीत सळईविना साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले होते, आणि धरणाचे काम पुरते झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले होते. अशा कमानीवरचा भार मुले चटकन काढतात. मग मी विचारतो की सळई मिळत नाही, पावसाळा तोंडावर आहे आणि वरून पाणी अडवण्याचा आग्रह आहे, तर तुम्ही काय कराल? ‘वरिष्ठांना कळवू,’ असे उत्तर येते. तोंडी की लेखी, एवढेच मी पुढे विचारतो, आणि तो तास बहुधा तिथेच संपतो.

अर्थशास्त्राचे म्हणाल, तर ते मला नीतीहून वेगळे शिकवताच येत नाही. समजा, कचरा डेपोच्या तळाला अस्तर घालण्याचा खर्च वाचवला आणि त्यामुळे पन्नास वर्षांनी शेजारच्या विहिरी नासून १०० रुपयांचे नुकसान होणार आहे. भविष्यातील रक्कम आजच्या मोलात आणण्यासाठी वटाव दर लावतात. तो १० टक्के धरला तर या नुकसानीचे आजचे मोल अवघे ८५ पैसे भरते, आणि ३ टक्के धरला तर सुमारे २३ रुपये. विहीर तीच, पाणी तेच, सूत्रही तेच. पण पहिल्या दराने अस्तर ही उधळपट्टी ठरते आणि दुसऱ्या दराने कदाचित गरज. दर कोणता धरायचा, हे सूत्र सांगत नाही. (पुष्कळशा प्रकल्प अहवालांत तो एखाद्या परिशिष्टात असतो, जिथे फारसे कोणी पोहोचत नाही.)

अलीकडे हेच गणित मी परीक्षेत घालतो : दोन्ही दरांनी सोडवा, आणि तुम्ही कोणता दर निवडाल ते चार ओळींत सकारण लिहा. गणिताचा भाग तपासायला मला एक संध्याकाळ पुरते. त्या चार ओळींना मात्र अख्खा रविवार जातो.