तुम्ही विचारलंत म्हणून: तू तिथेच का गेलीस?

लग्नाकार्यात कुणी ना कुणी मला गाठतंच. घरातल्या मुलीची किंवा मुलाची एमएससाठी विद्यापीठांची यादी चाललेली असते आणि "हिला विचारा, ही जाऊन आलीय" म्हणून माझ्याकडे पाठवलेलं असतं. मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी विद्यापीठाचं नाव घेते. समोरचे फोनवर शोधतात, आणि आवाज जरा खाली येतो. "पण हे तर ब्लॅक लोकांचं कॉलेज आहे. तुला कशी अ‍ॅडमिशन दिली? आणि इतकी कॉलेजं असताना तू तिथेच का गेलीस?"

अ‍ॅडमिशनचं आधी सांगते. ते राज्य सरकारचं विद्यापीठ आहे आणि प्रवेश सगळ्यांना खुला आहे. मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग केलं. खरं सांगायचं तर गेले ती असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून मिळणारे पैसे, मिळाली म्हणून. ग्रीन्सबरो हे गाव तोवर मी नकाशावरही पाहिलं नव्हतं. पण आज तुमच्या मुलीला तिथे जा म्हणते, त्याचं कारण पैसे नाही.

हे कॉलेज निघालं कसं ते ऐका. १८६२च्या कायद्याने अमेरिकेत राज्यांना शेतकी आणि यांत्रिकी शिक्षणासाठी केंद्राची जमीन मिळाली. तिच्या बळावर कॉलेजं उभी राहिली, पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांना त्यांत जवळजवळ कुठेच प्रवेश नव्हता. १८९०मध्ये दुसरा कायदा आला: एकतर आहे त्या कॉलेजात यांना घ्या, नाहीतर यांच्यासाठी वेगळं काढा, तरच निधी मिळेल. नॉर्थ कॅरोलायनाने वेगळं काढलं. मार्च १८९१मध्ये विधिमंडळाने मंजुरी दिली. पहिले वर्ग राज्याच्या राजधानीत, रॅलीतल्या शॉ विद्यापीठाच्या आश्रयाने भरले. मग ग्रीन्सबरोच्या नागरिकांनी १४ एकर जमीन आणि ११,००० डॉलर दिले आणि १८९३मध्ये कॉलेज तिकडे गेलं. म्हणजे रॅलीतलं सरकारी कॉलेज, आजचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट, गोऱ्यांपुरतं राहावं, यासाठी हे दुसरं काढलं गेलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गावाबाहेरची विहीर आठवली.

वेगळं काढलं की पैसेही वेगळेच मिळतात. २०२३मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. नॉर्थ कॅरोलायनाच्या पत्रात हिशेब मांडला होता: नॉर्थ कॅरोलायना स्टेटइतकाच दर विद्यार्थ्यामागे खर्च केला असता, तर ए अँड टीला गेल्या तीसेक वर्षांत सुमारे २ अब्ज डॉलर जास्त मिळाले असते. प्रयोगशाळा, वसतिगृहं, प्राध्यापकांच्या जागा, सगळं त्या आकड्यात आहे. तरीही अमेरिकेत सर्वांत जास्त कृष्णवर्णीय इंजिनिअर घडवणाऱ्या विद्यापीठांत त्याचं नाव अगदी वर असतं. मी ज्या मॅकनेअर हॉलमध्ये शिकले, ती इमारत रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाची. ते १९७१मध्ये इथून भौतिकशास्त्रात पदवीधर झाले, एमआयटीतून डॉक्टरेट घेतली, अंतराळवीर झाले आणि २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेले.

डडली बिल्डिंगसमोर चार मुलांचा पुतळा आहे. इझेल ब्लेअर, फ्रँकलिन मकेन, जोसेफ मॅकनील, डेव्हिड रिचमंड. चौघंही पहिल्या वर्षाचे. होस्टेलच्या खोलीत रात्र रात्र बोलत बसायचे. ब्लेअरने टीव्हीवर गांधीजींवरचा कार्यक्रम पाहिला होता. १ फेब्रुवारी १९६०ला दुपारी हे चौघे गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्ट वगैरे घेतली, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. पावत्या यासाठी की, त्याच दुकानात माझे पैसे चालतात, मग कॉफी का नाही, हे दाखवता यावं. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, शेजारच्या बेनेट कॉलेजच्या मुली आल्या, आठवड्याच्या आत आकडा शेकड्यांत गेला. २५ जुलैला तो काउंटर सर्वांना खुला झाला. मी त्या पुतळ्याखाली डबा खायचे, आणि दर वेळी मनात एकच यायचं: ही मुलं वीस वर्षांचीही नव्हती.

सगळं असं जिंकून संपलं नाही. मे १९६९मध्ये जवळच्या हायस्कूलच्या विद्यार्थी निवडणुकीवरून वाद पेटला, नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य कॅम्पसमध्ये शिरलं, आणि विली ग्राइम्स हा वीस वर्षांचा विद्यार्थी गोळी लागून गेला. ती गोळी कुणाची, हे कधीच निश्चित झालं नाही. ज्या स्कॉट हॉल होस्टेलवर सैनिक चालून गेले, ते आता पाडलं आहे.

आता माझं कारण. महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं होतं, "कॅटेगरी काय तुझी?" नंतर चार वर्षं मी प्रत्येक मार्काला जणू खुलासा जोडत होते. ए अँड टीत पहिल्या परीक्षेत मी आपटले. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तू इथे कशी आलीस, असा सूर त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हता. कुठे अडतंय, मंगळवारी किती वाजता येशील, एवढंच. तिथले विद्यार्थीही हेच सांगायचे: बाहेर त्यांना प्रत्येक खोलीत आपली लायकी सिद्ध करावी लागते, इथे चार वर्षं ती कटकट नाही, फक्त अभ्यास.

माझे बाबा मिलिंद महाविद्यालयात शिकले, बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादला काढलेल्या कॉलेजात. नागसेनवनाबद्दल बोलताना ते "आमचं कॉलेज" असं ज्या सुरात म्हणतात, तो सूर मी पुन्हा ऐकला तो ऑक्टोबरमधल्या होमकमिंगला. देशभरातून माजी विद्यार्थी परततात. आज्या निळे-सोनेरी जॅकेट घालून, नातवंडांना कडेवर घेऊन. ब्लू अँड गोल्ड मार्चिंग मशीन हे बँडपथक मैदानात उतरलं की मध्यंतरात कुणी जागचं उठत नाही. सामना हरला तरी चालेल, बँड चुकवायचा नाही. त्या गर्दीत उभी राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "चौदा एप्रिलसारखं दिसतंय गं." आणि आईला हाक मारली.

"आता सगळीकडे प्रवेश मिळतो, मग वेगळ्या कॉलेजाची गरज काय?" हेही विचारलं जातं. दार उघडणं आणि आत गेल्यावर कुणी खुर्ची पुढे करणं, या दोन गोष्टी आहेत. मला दोन्ही माहीत आहेत, म्हणून मी ठामपणे सांगते.

तर तुमच्या मुलीला माझा नंबर द्या. रँकिंगवर आपण बोलूच, असिस्टंटशिपसाठी प्राध्यापकांना काय लिहायचं तेही सांगेन. आणि ती गेलीच, तर पहिल्या ऑक्टोबरात होमकमिंगच्या शनिवारी कुठलंही काम ठेवू नकोस म्हणावं.