खो मिळेपर्यंत

१९८३ च्या जूनमध्ये मी आठवीत या शाळेत आलो. शाळा सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता, तेवढ्यात २५ जूनला भारताने वर्ल्डकप जिंकला. सोमवारपासूनच आठवी ‘ब’च्या वर्गात कंपासपेटीची बॅट झाली आणि वहीच्या पानांचा चेंडू. आम्ही ६२ मुलगे, एका बाकावर तिघे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला घामाने शर्ट पाठीला चिकटलेले असायचे आणि कुणाचा पाय कुणाच्या दप्तरात असायचा. अशा वर्गावर आमचे गणिताचे सर यायचे. संध्याकाळी खो-खोचा संघही तेच बघायचे.

सातवीपर्यंत मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तिथे शिस्त म्हणजे निंबाचा ओला फोक. तळहातावर वळ उठले की आम्ही ते मित्रांना दाखवत फिरायचो, ज्याचे वळ जास्त तो मोठा. मार खाऊन आम्ही सुधारलो, असं आजही पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. मी तिथे फक्त न रडायला शिकलो.

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्याचा कोपरा पुसला. मॉनिटरने तिथे ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिली होती, त्यात माझंही होतं. सर म्हणाले, “फळ्यावर नाव चढलं की पोरगा त्या नावाला जागतो.” ती यादी परत कधी लिहिली गेली नाही.

मग त्यांनी खो-खो वर्गात आणला. खो-खोत आठ गडी चौकोनांत बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून, आणि नववा पळत्याचा पाठलाग करतो. मागून खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. उठला तर फाउल. सरांनी हाच नियम अवयव पाडण्याच्या उदाहरणांना लावला. एकाने फळ्यावर एकच पायरी लिहायची, खडू हातात घेऊन बाकांमधून चालत जायचं आणि हव्या त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचं. पुढची पायरी त्याची. खो मिळण्याआधी कुणी ओरडला किंवा उठला, तर सर शांतपणे ‘फाउल’ म्हणायचे आणि उदाहरण पहिल्या पायरीपासून सुरू. शिक्षा एवढीच. पण पाचव्या पायरीवरून पहिलीवर येणं ६२ जणांना इतकं जड जायचं, की उतावळ्या मुलाला शेजारचेच हाताने दाबून बसवायचे.

खो कुणालाही मिळू शकत असल्यामुळे मागच्या बाकावरही डोळे फळ्याकडे असायचे. आणि ज्यांना चाळीस मिनिटं एका जागी बसणं म्हणजे तुरुंग वाटायचा, माझ्यासारख्यांना, त्यांना उठायचं रीतसर कारण मिळालं. ज्याला पायरी येत नसेल त्याच्यासाठीही सोय होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. तसं अडलेल्या मुलाने दाराच्या चौकटीला हात लावायचा आणि दुसऱ्याला खो द्यायचा. हसायचं नाही. कुणी हसलं तर तोही फाउल. माझ्या मते सरांचं मोठेपण या चौकटीच्या नियमात होतं. गणित न येणारा मुलगा चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून दंगा करतो. फजितीच नसली तर दंगा कशाला करील?

पावसाळ्यात एकदा मी शाईपेन झटकलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलाचा पांढरा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत निळा केला. मुद्दामच केलं. सरांनी पाहिलं, उदाहरण पुरं केलं आणि बाहेर जाताना हळूच म्हणाले, “शाळा सुटल्यावर टाकीपाशी ये.” तीन तास माझ्या पोटात गोळा होता.

टाकीपाशी सर, मी आणि तो शर्ट. शर्टाचा मालक सरांनी दिलेला खेळाचा बनियन घालून मैदानावर गेला होता. सरांनी विचारलं, “काय झालं?” आणि गप्प राहिले. मीही गप्प. नळाचं पाणी पडत होतं. शेवटी मीच सगळं सांगितलं, घरच्या काही गोष्टींसकट, ज्या मी कुणालाच सांगितल्या नव्हत्या. सरांनी साबणाची वडी माझ्या हातात दिली. बाह्या दुमडून तेही शर्टाचं दुसरं टोक चोळायला बसले. चोळता चोळता अमळनेरच्या साने गुरुजींबद्दल बोलले. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी तिथे शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते न बोलता झाडायचे, आणि ते बघून मुलांच्या हातात आपोआप केरसुणी यायची. शाई पूर्ण गेली नाही. वर्षभर तो फिकट निळा डाग माझ्या डोळ्यांसमोर, पुढच्याच बाकावर होता.

पुढे मी बी.एड. करून शिक्षक झालो आणि मुलांच्याच शाळेत लागलो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, तेव्हा स्टाफरूममध्ये एकच प्रश्न होता, “आता आमच्या हातात राहिलं काय?” मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात जाऊन खडू एका मुलाच्या हातात दिला आणि खोचे नियम सांगितले. पहिल्या आठवड्यात फाउलच फाउल झाले. दोन-तीनदा माझाही आवाज चढला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बसलं ते.

शर्टाचा मालक आज जिनिंगच्या धंद्यात आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याला फोन केला. त्याला शाई आठवत होती, बनियन आठवत होता. “का रे भो, त्या दिवशी सर तुला काय बोलले होते?” त्याने विचारलं. इतकी वर्षं सरांनी ते त्यालाही सांगितलं नव्हतं.